चाळीसगावचा पूल, मोखाड्याचा घाट आणि डोक्याला मार लागलेल्या माणसाची साक्ष

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर मी गेली काही वर्षे जाते. तिथल्या एका घरातला थोरला मुलगा, वय पंचविशीच्या आत, दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेला होता. होळीला परत येताना माणसांनी आणि भांड्याकुंड्यांनी खच्चून भरलेल्या टेम्पोतून घाटातल्या वळणावर तो खाली फेकला गेला. डोक्याला मार लागला, नाशिकला ऑपरेशन झाले, जीव वाचला. त्याचे नाव आणि पाडा मी इथे देत नाही. का देत नाही, ते पुढे येईलच.

पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा विचारले, "कसं झालं रे?" उत्तर त्याच्या भावाने दिले. ड्रायव्हर दोन रात्री झोपला नव्हता. मुकादमाचे म्हणणे वेगळे: पोरगा प्यायला होता, चालत्या गाडीतून स्वतःच उतरायला गेला. गावातल्या म्हाताऱ्यांचे आणखी वेगळे: त्या वळणावरची जागाच वाईट आहे. दवाखान्याच्या कागदावर इंग्रजीत एक ओळ. अशा चार कहाण्या झाल्या. ज्याचे डोके फुटले तो ओट्यावर बसून होता आणि त्याला कोणी विचारत नव्हते, कारण त्याला शब्द सापडायला वेळ लागतो आणि आपल्याला घाई असते. मलाही होती, शेवटची एसटी चुकली असती. तिसऱ्या की चौथ्या भेटीत भाऊ बोलत असताना त्याने हात वर केला आणि वारलीत म्हणाला, मला बोलू दे. मग बराच वेळ काहीच बोलला नाही.

इजा झालेल्या माणसाची कहाणी सांगायचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न डॉक्टरांचा किंवा समुपदेशकांचा आहे असे आपण समजतो. माझे म्हणणे असे आहे की हा आपल्या चळवळीचा जुना प्रश्न आहे, आणि त्याचे पहिले नीट उत्तर बाबासाहेबांनी स्वतःच्या एका अपघाताविषयी लिहिताना दिले आहे.

१९२८ मध्ये मुंबई सरकारने ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. आपण तिला स्टार्ट कमिटी म्हणतो आणि पुढे जातो, पण तिचे नाव नीट वाचा. ती फक्त अस्पृश्यांसाठी नव्हती. दलित वर्ग आणि आदिवासी जमाती, दोघांच्या स्थितीची चौकशी तिने करायची होती. तिचा अहवाल १९३० मध्ये आला. बाबासाहेब तिचे सदस्य होते. "आदिवासींचा आणि आंबेडकरी चळवळीचा काय संबंध?" असे जव्हारच्या चहाच्या टपरीवर मला दर महिन्याला कोणीतरी विचारतो. त्याला मी ही समिती सांगते.

त्या चौकशीच्या काळात, १९२९ मध्ये, धुळ्याहून परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. तिथल्या महारवाड्यातल्या लोकांनी एक रात्र राहायचा आग्रह केला होता. स्टेशनवर लोक घ्यायला आले, पण टांगा काही येईना. बराच वेळ गेला. शेवटी टांगा आला आणि निघाल्याबरोबर थोड्याच अंतरावर एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. रोज भाडी मारणारा टांगेवाला असा कसा हाकतो, याचे त्यांना नवल वाटले. पुढे नदीवरचा पूल लागला. त्याला कठडा नव्हता, फक्त अंतराअंतरावर दगड रोवलेले होते. टांग्याचे चाक त्यातल्या एका दगडावर आदळले. घोडा आणि गाडी खाली नदीत गेली आणि बाबासाहेब पुलाच्या दगडी फरशीवर आपटले. आपटण्याचा जोर इतका होता की ते बेशुद्ध होऊन पडले. लोकांनी उचलून महारवाड्यात नेले, बायकामुले रडत होती. अंगावर जखमा होत्या, पाय मोडला होता. काही दिवस हिंडणेफिरणे बंद झाले.

हे सगळे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या आठवणीवजा लेखनात आहे. ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिका म्हणून काढले. आपल्यातल्या बहुतेकांनी ते वाचले आहे, निदान १९०१ च्या कोरेगाव प्रवासाचा आणि बडोद्याच्या पारशी सराईचा भाग तरी. चाळीसगावचा भाग आपण "बघा, टांगेवाल्यानेसुद्धा नाकारले" एवढ्यावर सोडून देतो. मला त्यात आणखी काही दिसते.

बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या आठवणीत भोक असते. काय झाले हे त्याला स्वतःला पूर्ण माहीत नसते. ते दुसऱ्यांना विचारूनच जोडावे लागते. बाबासाहेबांनी नेमके तेच केले. रोज टांगे जाणाऱ्या पुलावर आजच हे कसे झाले, अशी चौकशी त्यांनी केली. तेव्हा कळले की स्टेशनवरचा एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून गाडी हाकायला तयार नव्हता. आपल्या पाहुण्याने पायी यावे हे महारवाड्याला पटत नव्हते. मग तडजोड निघाली: टांगेवाला टांगा भाड्याने देईल, हाकणार नाही. महारवाड्यातल्याच एकाने लगाम हातात घेतला, ज्याने आधी कधी टांगा हाकला नव्हता.

आता बघा. पोलिसाच्या नोंदीत हा अपघात "चालकाच्या निष्काळजीपणामुळे" झाला असता. डॉक्टरच्या नोंदीत "पाय मोडला" एवढेच. बाबासाहेबांच्या कहाणीत अपघाताचे कारण पुलावर नाही, स्टेशनवर आहे, आणि स्टेशनच्याही मागे जातीत आहे. महारवाड्याच्या प्रेमालाही ते सोडत नाहीत. माझा मान राखण्यासाठी या लोकांनी माझा जीव धोक्यात घातला, हे ते सरळ नोंदवतात, पण त्यांना दोष देऊन थांबत नाहीत. बॅरिस्टर असलेल्या अस्पृश्यापेक्षाही स्वतःला वरचा समजायची मुभा टांगेवाल्याला कोण देते, तिथपर्यंत ते जातात. आणि हे सगळे एका पडलेल्या माणसाने, स्वतःच्या पडण्याविषयी लिहिले आहे.

बाबासाहेबांना मेंदूची इजा झाली होती असे मी म्हणत नाही, तसा कोणताही पुरावा नाही. मी पद्धतीविषयी बोलते आहे. पुस्तिकेच्या सुरुवातीलाच ते सांगतात की अस्पृश्यता परक्यांना समजावायचे दोन मार्ग आहेत, एक सर्वसाधारण वर्णनाचा आणि दुसरा प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांचा, आणि दुसरा जास्त परिणामकारक आहे. मग स्वतःच्या प्रसंगांच्या शेजारी ते दुसऱ्यांचे प्रसंग ठेवतात. काठियावाडमधल्या एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको डॉक्टरने शिवायला नकार दिल्यामुळे गेली. त्या शिक्षकाचे पत्र १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त छापून आले होते, ते बाबासाहेबांनी घेतले. एकाची कहाणी दुसऱ्याच्या कहाणीला टेकू देते. एकटी कहाणी तक्रार ठरते, दहा शेजारी ठेवल्या की नमुना दिसतो. आज समाजशास्त्रात याला मोठमोठी नावे आहेत. एम.ए.ला मी ती पाठ केली होती.

आता मेंदूच्या इजेच्या जगप्रसिद्ध इतिहासाकडे येऊ. तिथे सगळ्यात गाजलेला माणूस एक मजूर आहे, हे सहसा कोणी ठासून सांगत नाही. फिनियस गेज. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये रेल्वेमार्गासाठी खडक फोडणाऱ्या टोळीचा मुकादम. १३ सप्टेंबर १८४८ रोजी सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि सुमारे सहा किलोची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून कवटीच्या वरून बाहेर पडली. तो जगला, आणखी जवळपास बारा वर्षे. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर हार्लोने लिहिले की अपघातानंतरचा गेज हा पूर्वीचा गेज राहिला नव्हता. तेवढ्या शेऱ्यावर दीडशे वर्षे पाठ्यपुस्तके भरली: शिवराळ झाला, लहरी झाला, वाया गेला. प्रत्यक्षात तो नंतर चिलीत जाऊन काही वर्षे घोड्यांच्या प्रवासी गाड्या हाकत होता. हे काम अंगात शिस्त आणि डोक्यात हिशेब असल्याशिवाय होत नाही. अलीकडच्या अभ्यासकांनी हे मांडायला सुरुवात केली आहे. पण गेजने स्वतः काय म्हटले? काही नाही. त्याची कवटी आणि ती पहार हार्वर्डच्या संग्रहालयात आहे. त्याचे शब्द कुठेच नाहीत. मजुराचे शरीर पुराव्याला चालते, त्याची साक्ष चालत नाही.

दुसरा माणूस याच्या नेमका उलट. लेव्ह झासेत्स्की, सोव्हिएत सैन्यातला तरुण अधिकारी. २ मार्च १९४३ रोजी स्मोलेन्स्कच्या आघाडीवर गोळी डोक्यात डाव्या बाजूला मागे शिरली. वाचता येईना, स्वतःचा उजवा हात कुठे आहे ते कळेना, वाक्याची सुरुवात शेवटापर्यंत आठवेना. मग त्याला कळले की एकेक अक्षर आठवत बसले तर लिहिता येत नाही, पण हात न उचलता सलग लिहिले तर शब्द बाहेर येतो. लिहिलेले त्याला धड वाचता येत नव्हते. तरी तो पंचवीस वर्षे लिहीत राहिला, कधी दिवसाला एखादी ओळ, कधी अर्धे पान. सुमारे तीन हजार पाने झाली. त्याचे डॉक्टर अलेक्झांडर लुरिया यांनी त्या वहीतून पुस्तक केले. ते इंग्रजीत १९७२ मध्ये आले. आपल्या वहीला झासेत्स्कीने जे नाव दिले होते त्याचा अर्थ होतो, "मी लढत राहीन".

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण हल्ली "लिहा, बोला, मोकळे व्हा, बरे व्हाल" असे सांगणारे फार झाले आहेत. झासेत्स्की लिहून बरा झाला नाही. गोळीने नेलेला मेंदूचा भाग परत आला नाही. वहीने त्याला दिले ते वेगळे: सकाळी उठून करायचे काम, विस्कटलेल्या दिवसांना एकामागे एक लावायची दोरी, आणि आपण नुसता रुग्ण नसून साक्षीदार आहोत ही जाणीव. ज्याला आपण उपचार म्हणतो त्याची मर्यादा तेवढीच आहे. पण "तेवढीच" हा शब्द पाड्यावर ओट्यावर बसून राहिलेल्या माणसासमोर जपून वापरावा.

मराठीत हे कुठे आहे? मेंदूच्या इजेवर नाही, पण दुभंगलेल्या माणसाच्या कहाणीवर आपल्याइतके काम कोणी केलेले नाही. १९७८ च्या 'बलुतं'ची रचना आठवा. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. माणूस एकच, पण सांगणारा एक आणि ऐकणारा दुसरा. महारवाड्यातला दगडू आणि ऑफिसात बसणारा दया यांच्यामध्ये जी फट पडली होती, ती लपवायची नाही, तीच पुस्तकाचा सांगाडा करायची. डोक्याला मार लागलेली माणसे मला "आधीचा मी" आणि "आताचा मी" असे बोलून दाखवतात तेव्हा मला दर वेळी हा दगडू आठवतो. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून लिहिले, आणि त्यात "मी" पेक्षा "आम्ही" जास्त आहे. अपंगत्वाच्या बाजूने पाहायचे तर कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' आहे. पाठीच्या कण्याच्या आजाराने ऐन तारुण्यात पाय गेलेल्या बाईने स्वतःची गोष्ट सांगितली आणि १९८४ पासून हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. गोष्ट आणि संस्था या दोन वेगळ्या वस्तू नव्हत्या.

याच्या उलटही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला. त्या १८ मे २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात होत्या. त्यांच्यावर पुस्तक निघाले, सर्वोच्च न्यायालयात अर्ज गेला, ७ मार्च २०११ चा निकाल आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. त्यांना मरू द्यावे म्हणणारे होते, जगू द्यावे म्हणणाऱ्या त्यांच्या सहकारी परिचारिका होत्या. सगळे त्यांच्याविषयी बोलले. त्या बोलू शकत नव्हत्या, हे खरेच. पण जे बोलू शकतात, फक्त हळू बोलतात, त्यांच्याशीही आपण असेच वागतो. माझा वाद तिथे आहे.

आता आमच्या डोंगरावर या. जव्हार १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते, मोखाडा ब्रिटिशांकडे. १९३५ च्या कायद्यानंतर मोखाडा पेटा, डहाणू तालुका आणि उंबरगाव पेटा हे "अंशतः वगळलेले प्रदेश" ठरले. काय सुंदर शब्द आहे बघा, वगळलेले. तिथल्या आदिवासींची स्थिती पाहायला डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याला नेमले गेले. त्याचा अहवाल १९३९ चा. वेठ, मारहाण, कर्ज, सगळे त्यात आहे. अहवाल सहृदय आहे, पण बोलणारा साहेब आहे. वारली त्यात आहेत ते वर्णनात, कर्ता म्हणून नाहीत. गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये १९४५ च्या उठावाची हकिकत लिहिली. लग्नाच्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराकडे राबायचे, त्या लग्नगड्यांच्या तोंडची दुःखे त्यात आहेत. पुस्तक १९७० चे, त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मी ते पुन्हा पुन्हा वाचते, आणि दर वेळी वाटते की यातला एखादा लग्नगडी स्वतः लिहिता असता तर त्याने सुरुवात कुठून केली असती?

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने शंभरावर बालके दगावली. मंत्री आले, वर्तमानपत्रे आली, उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, जव्हारला अपर जिल्हाधिकारी बसला. वावर-वांगणी हे नाव महाराष्ट्रभर झाले. आकडा सगळ्यांना माहीत आहे. त्यातल्या एका तरी आईने स्वतः सांगितलेली गोष्ट तुम्ही वाचली आहे का? मी शोधली. आकडे सापडतात.

कुपोषण हा डोक्याला लागलेला मार नव्हे, हे मला कळते. पण कोवळ्या वयात पोट रिकामे राहिले की मेंदूची वाढ खुंटते, एवढे तर आता वादाचे राहिलेले नाही. मेंदूची इजा म्हटली की शहरात हेल्मेट आठवते. आमच्याकडे तिची वाट वेगळी असते. झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलेल्या बाळंतिणीचे मूल जन्मताना गुदमरते. सिकलसेल असलेल्या पोराला लहान वयात अर्धांगवायूचा झटका येतो. मलेरिया डोक्यात जातो. वसई-विरारच्या बांधकामावर परांची सुटते. आणि वीटभट्टीचा टेम्पो. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच कोचाळ्याजवळ आहे आणि आमचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तसेच हे: मजुरी मैदानात खाली जाते, फुटलेले डोके वर परत येते.

कायदा काय म्हणतो? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकार आहेत. सिकलसेल आहे, पार्किन्सन आहे, सेरेब्रल पाल्सी आहे. अपघाताने मेंदूला झालेली इजा हा स्वतंत्र प्रकार नाही. मग हात-पाय लुळा असेल तर चलनवलनाच्या खान्यात, वाचाघात झाला असेल तर वाचा-भाषेच्या खान्यात, नाहीतर मानसिक आजाराच्या. आमच्या पोराचे हातपाय चालतात. तो थकतो, चिडतो, सांगितलेले दहा मिनिटांत विसरतो, गर्दीत गांगरतो. हे चाळीस टक्क्यांच्या कुठल्या खान्यात बसवायचे? आणि भाषेची चाचणी घ्यायची तर कोणत्या भाषेत? प्रमाण मराठीत चित्र दाखवून "हे काय?" विचारले आणि कातकरी बाईने तिचा शब्द सांगितला, तर तिची वाचा गेली की तपासणाऱ्याचे कान गेले? म्हणून मी म्हणते, या माणसाची स्वतःची गोष्ट, त्याच्या बोलीत, ही नुसती मनाची मलमपट्टी नाही. प्रमाणपत्राच्या टेबलावर ठेवायला त्याच्याकडे दुसरे फार काही नसते.

साक्ष सांगणे हाच उपचार, ही रीत जगात कुठून आली तेही बघण्यासारखे आहे. चिलीत पिनोशेची हुकूमशाही चालू असताना छळातून सुटलेल्या लोकांची निवेदने तिथल्या मानसतज्ज्ञांनी ध्वनिमुद्रित केली, उतरवली, त्या माणसासोबत बसून दुरुस्त केली. १९८३ मध्ये त्यांनी त्यावर लिहिले. निवेदन माणसाला सावरत होते आणि तेच निवेदन राजवटीविरुद्ध पुरावा होते. भारतात वाराणसीच्या मानवाधिकार जननिगरानी समितीने डेन्मार्कच्या तज्ज्ञांबरोबर २००८ च्या सुमारास ही पद्धत आणली, मुसहर आणि इतर दलितांसाठी, पोलिसी छळ सोसलेल्यांसाठी. तिच्यात एक टप्पा मला फार महत्त्वाचा वाटतो: लिहून झालेली साक्ष वस्तीसमोर जाहीर वाचली जाते आणि तिची प्रत सन्मानाने त्या माणसाच्या हाती दिली जाते. कागद त्याचा. संस्थेच्या फायलीत नाही.

आपल्या परंपरेत याचे मूळ शोधायचे तर थेरीगाथेतली पटाचारा आहे. अट्ठकथेनुसार नवरा, दोन मुले, आईवडील, भाऊ एकाच फटक्यात गेले आणि ती भान हरपून अंगावर वस्त्र नसताना हिंडू लागली. लोकांनी वेडी म्हणून दगड-माती फेकली. तथागतांनी तिला आधी भानावर ये असे सांगितले, कोणीतरी अंगावर वस्त्र टाकले, आणि मग तिने आपले काय काय झाले ते सांगितले. उपदेश त्याच्या नंतर आला. आपण कार्यकर्ते हा क्रम उलटा करतो.

आता चळवळीशी भांडायची जागा. कहाणी औषध आहे, तशी ती झिजवतेही. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी झाले. भैयालाल भोतमांगे यांनी बायको आणि तीन मुले गमावली. त्यानंतर २०१७ च्या जानेवारीत त्यांचे निधन होईपर्यंत आपण त्या माणसाला किती मंचांवर, किती कॅमेऱ्यांसमोर, किती वेळा तेच सांगायला लावले? न्यायासाठी ते गरजेचे होते असे आपण म्हणू. काही वेळा होतेही. पण प्रत्येक वेळी होते का? पाड्यावरच्या पोराचे नाव मी का देत नाही याचे उत्तर इथे आहे. मेंदूला इजा झालेला माणूस आज "हो, सांगा" म्हणतो आणि उद्या आपण हो म्हटल्याचेच त्याला आठवत नाही. त्याची संमती एकदा अंगठा घेऊन संपत नाही.

दुसरा धोका कोर्टाचा. न्यायालयाला तारीख, वेळ, क्रम लागतो. डोक्याला मार लागला की जाते ते नेमके हेच. जबाबात एक आणि साक्षीत दुसरे आले की समोरचा वकील उभा राहतो: साक्षीदार खोटा आहे. आणि आपण त्याच्याकडून दहादा वदवून घेतले असेल तर तोच वकील म्हणतो, शिकवून आणला आहे. दुसऱ्यांकडून ऐकलेले हळूहळू स्वतःला आठवते आहे असे वाटू लागते, हेही खरे आहे. त्यात लबाडी नसते, भोके बुजवण्याची मेंदूची ती सवय आहे. म्हणून सावरण्यासाठी सांगितलेली गोष्ट आणि कोर्टासाठीचा जबाब हे दोन कागद वेगळे ठेवावेत, असे मी आमच्या कार्यकर्त्यांना सांगते. जबाब आधी आणि लवकर, तज्ज्ञाच्या मदतीने, त्याला न आठवणाऱ्या भागात "आठवत नाही" असेच लिहून. बोलता न येणाऱ्या साक्षीदाराला लिहून किंवा खुणांनी साक्ष देता येते, जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ११९ मध्ये हे होते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५अ मध्ये कार्यवाहीच्या चित्रीकरणाची तरतूद आहे. वाहन अपघाताच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. हे पाठ करा. डोक्यातून बाहेर यायला शब्दाला सहा महिने लागू शकतात, मुदतीला ते कळत नाही.

तर तो पोरगा. मला बोलू दे म्हणाला आणि गप्प बसला, तिथे मी त्याला सोडले होते. पुढच्या वेळी मी वही नेली. ती त्याने बाजूला ठेवली. त्याच्या बहिणीने शाळेचा कोरा कागद आणि पेन्सिल दिली. (वारली माणूस म्हणजे चित्र काढणारच, असे कोणी यावरून समजू नये. त्याला चित्र काढता येत नाही, बहीण हसत होती.) त्याने चौकोन काढले, एकापुढे एक, आणि एकेका चौकोनावर बोट ठेवून बोलू लागला. एका बैठकीत दोन-तीन चौकोन. मग डोके दुखायचे.

त्याची कहाणी घाटातल्या वळणापासून सुरू होत नाही. पहिल्या चौकोनात उचल आहे, आदल्या पावसाळ्यात बहिणीच्या लग्नासाठी घेतलेली. दुसऱ्यात भट्टी. तिसऱ्यात हिशोबाचा दिवस: मालकाने सकाळी सोडतो म्हणून रात्रीपर्यंत बसवून ठेवले, उचल कापून हातात काय आले ते त्याला आकड्यासह आठवते. चौथ्यात दोन गाड्या ठरल्या होत्या, एकच आली. पाचव्यात मुकादम पुढे ड्रायव्हरशेजारी आणि हा मागे फळीच्या कडेला, कारण बायका-पोरे आत बसवली होती. तो प्यायला नव्हता, पैसे कमरेला होते म्हणून तो जागा राहिला होता. यातले एकही वाक्य त्या चार कहाण्यांमध्ये नव्हते. अपघात सोडून सगळे त्याला आठवत होते, आणि सगळ्यांनी त्याला फक्त अपघात विचारला होता.

सहावा चौकोन रिकामा आहे. भाऊ म्हणतो, मी सांगतो, भरून टाक. तो मान हलवतो. सातव्यात दवाखान्याचा पंखा आहे.

दावा मुदतीत दाखल झाला. त्या कागदाची एक प्रत वकिलाकडे आहे, मूळ कागद त्याच्या आईने पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाबरोबर ठेवला आहे. पुढची तारीख पावसाळ्यानंतरची आहे. दिवाळीनंतर धाकटा भाऊ भट्टीवर जायचे म्हणतो.